पाहुणे रक्त

आमच्या भंडारा जिल्ह्यात विळा दोन ठिकाणी आढळतो: धानाच्या बांधीत आणि काही लेकरांच्या रक्तात. या दुसऱ्याचे नाव सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात आणि पोर हाडे दुखतात म्हणून रात्रभर कळवळते. मध्य भारतात हा रक्तदोष असल्याचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितले.

तो मुळापासून घालविण्याचा जुना उपाय म्हणजे हाडातला मगजच बदलणे. आधी चिखलणी, मग रोवणी. तसा औषधांनी जुना मगज मोडायचा आणि दुसऱ्याचा शिरेतून सोडायचा. वाचकांना वाटेल, झाले! परंतु मगजाबरोबर दात्याच्या पहारेकरी पेशीही येतात. त्यांना या घरात सारेच परके दिसते आणि त्या रोग्याची कातडी, यकृत, आतडी यांवर तुटून पडतात. भटाला ओसरी दिल्याचीच गत!

यावर पहिला तोडगा जुळणीचा. पेशींवर ओळखखूण असते, हे फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्येच दाखविले. ती अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून येते. म्हणून सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. भारतातले हे पहिले यशस्वी रोपण. भाऊबीजेची ओवाळणी याहून मोठी ती काय असणार?

जुळणी झाली तरी पहारेकऱ्यांना आवरावे लागतेच. बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्झेट ही जोडी अधिक गुणकारी ठरते, हे सिॲटलच्या स्टोर्ब यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले.

"गुरुजी, पोरगी एकुलती एक. माझा अर्धाच जुळंल, तर चालंल का?" असे माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बापाने मला विचारले. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. मी पुस्तके धुंडाळली. पूर्वी याला बहुधा नकारच मिळे. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मोठी नामी युक्ती रुळविली. रोपणानंतर दोन-तीन दिवस पहारेकऱ्यांना उठू द्यायचे. ते भांडणाच्या तयारीने भराभर वाढू लागले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड द्यायचे. धोका यानेही पुरता टळत नाही, खर्चही भारी. पण वाढणारे भांडखोर बहुतेक त्यात मरतात. रक्त घडविणाऱ्या मूळ पेशींजवळ मात्र त्या विषाचा उतारा असतो. त्या तगतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात.