कॉलेज बदलणारी पोरं आणि एका वर्षाचा बेंच

मार्च महिना आला की अमेरिकेतल्या ऑफिसांत कामाचा वेग जरा मंदावतो. ६८ कॉलेज संघांची बाद पद्धतीची बास्केटबॉल स्पर्धा चालू असते, लोक तक्ते भरून एकमेकांशी पैजा लावतात, आणि दुपारच्या मॅचच्या वेळेला मीटिंग ठेवणारा माणूस सगळ्यांच्या मनातून उतरतो. एप्रिलच्या सुरुवातीला कोणीतरी चॅम्पियन होतं. लगेच पुढचा तमाशा सुरू. कुठला खेळाडू कुठलं कॉलेज सोडून कुठे चालला, याची भली मोठी यादी. जुने चाहते कपाळाला हात लावतात आणि म्हणतात, आजकालच्या पोरांना निष्ठा म्हणून राहिली नाही.

वाक्य ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. आपल्याकडे मार्चअखेरचं अप्रेझल झालं की राजीनाम्यांची रांग लागते, तेव्हा मॅनेजर मंडळी हेच म्हणत असतात. म्हणून म्हटलं, या शनिवारी जरा मागे जाऊन बघू. ही पोरं कॉलेज का सोडतात? आणि पूर्वी खरंच सोडत नव्हती का?

थोडक्यात उत्तर आधीच सांगतो. सोडण्याची कारणं पन्नास वर्षांत फारशी बदललेली नाहीत. सोडण्याची किंमत मात्र बदलली, आणि ती कोण भरतो हेही बदललं.

आधी नियम समजून घेऊ. अमेरिकन कॉलेजांच्या खेळाचा कारभार एनसीएए नावाची संघटना बघते. खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार सीझन खेळता येतात, असा जुना हिशोब. बदल्यात कॉलेज फी, राहणं, जेवण यांची स्कॉलरशिप देतं. पगार नाही, कारण तो 'विद्यार्थी-खेळाडू'. हा शब्द रूढ केला वॉल्टर बायर्स यांनी. ते १९५१ ते १९८७ एनसीएएचे सर्वेसर्वा होते. खेळताना जखमी झालेले खेळाडू कामगार म्हणून भरपाई मागतील ही १९५०च्या दशकात मोठी धास्ती होती, त्यावरचा हा तोडगा. (गंमत म्हणजे याच बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून आपणच उभारलेल्या व्यवस्थेवर सडकून टीका केली.)

याच व्यवस्थेत आपला नियम बसतो. खेळाडूने कॉलेज बदललं तर नव्या कॉलेजात पहिलं वर्षभर मॅच खेळायची नाही. सराव करा, अभ्यास करा, टाळ्या वाजवा. आयटीवाल्यांना 'बेंच' म्हणजे काय ते सांगायला नकोच :) फरक इतकाच की आपला बेंच प्रोजेक्ट नसल्यामुळे असतो, यांचा शिक्षा म्हणून. अधिकृत कारण अर्थातच वेगळं होतं: नव्या ठिकाणी रुळायला, अभ्यासात स्थिर व्हायला वेळ मिळावा.

आता पहिली गोष्ट. १९७४ साली इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावातला एक उंच, अबोल मुलगा इंडियाना विद्यापीठात दाखल झाला. कोच बॉब नाइट, म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव, स्वभावाने जमदग्नी. विद्यापीठात तीस हजारांवर विद्यार्थी, म्हणजे याच्या गावाच्या पंधरा पट. खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कोणी नाही. महिनाभरही टिकला नाही. सीझन सुरू व्हायच्या आधीच पोरगा घरी परतला आणि गावच्या नगरपालिकेत कामाला लागला. रस्त्यांची डागडुजी, कचऱ्याची गाडी, जे पडेल ते.

या मुलाचं नाव लॅरी बर्ड.

पुढच्या वर्षी तो इंडियाना स्टेट या कमी नावाजलेल्या विद्यापीठात गेला आणि नियमाप्रमाणे १९७५-७६ चा अख्खा सीझन मॅच न खेळता काढला. नशिबाची थट्टा बघा: त्याच सीझनमध्ये त्याने सोडलेला इंडियानाचा संघ ३२ पैकी ३२ मॅच जिंकून चॅम्पियन झाला. त्यानंतर पुरुषांच्या वरच्या विभागात कितीतरी वर्षं कोणालाही असा अपराजित चॅम्पियन होता आलं नाही. बर्डच्या जागी आपण असतो तर 'घाई केली' असं घरच्यांनी आयुष्यभर ऐकवलं असतं. पण १९७९ मध्ये बर्डने इंडियाना स्टेटला ३३-० अशा घोडदौडीनंतर अंतिम फेरीत नेलं. समोर मॅजिक जॉन्सनचा मिशिगन स्टेट. बर्डचा संघ ७५-६४ असा हरला, पण टीव्हीवर त्या मॅचला जेवढा प्रेक्षकवर्ग मिळाला तो कॉलेज बास्केटबॉलचा विक्रम ठरला.

बर्डने पहिलं कॉलेज सोडलं त्यात पैशाचा लोभ नव्हता, बेइमानी नव्हती. जागा मानवली नाही, बस. अठरा वर्षांच्या मुलाचा पहिला निर्णय चुकू शकतो, हे कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिलेल्या माणसाला पटेल.

दुसरी गोष्ट जरा जड आहे. फिलाडेल्फियाचे दोन मित्र, हँक गॅदर्स आणि बो किंबल, लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात एकत्र आले. १९८६ मध्ये पहिला सीझन संपला आणि ज्याने त्यांना आणलं होतं त्या कोचलाच, स्टॅन मॉरिसनला, जावं लागलं. नवे कोच जॉर्ज रॅव्हलिंग. त्यांनी पोरांना मुदत दिली, राहणार की नाही ते सांगा. पोरं घुटमळली. मुदत संपली, स्कॉलरशिप काढून घेतल्या.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. १९७३ पासून स्कॉलरशिप चार वर्षांची राहिली नव्हती, दरवर्षी नूतनीकरण व्हायचं. म्हणजे कॉलेजने खेळाडूला वर्षाच्या शेवटी नारळ द्यायचा तर तो देता येत होता. खेळाडूने कॉलेजला दिला तर मात्र वर्षभर बेंच. आणि यूएससीच्या बाबतीत तर काढलं कॉलेजनेच, तरी बेंच पोरांच्याच नशिबी. गॅदर्स आणि किंबल त्याच शहरातल्या लोयोला मेरीमाउंट या छोट्या विद्यापीठात गेले आणि १९८६-८७ बाहेर बसले.

तिथले कोच पॉल वेस्टहेड यांची पद्धत म्हणजे नुसती धावपळ. चेंडू मिळाला की काही सेकंदांत बास्केटकडे फेकायचा. १९८८-८९ मध्ये गॅदर्स देशात सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक रिबाउंड, दोन्हींत पहिला. पुढच्या सीझनला संघाने मॅचमागे सरासरी १२२ गुणांचा विक्रम केला. आणि ४ मार्च १९९० ला, चालू मॅचमध्ये, गॅदर्स कोर्टवर कोसळला. हृदयाचा आजार होता. वय २३. त्या दिवशी तो गेला.

काही दिवसांनी तोच संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. फ्री थ्रो जमेनात म्हणून गॅदर्स ते डाव्या हाताने टाकायला लागला होता. उजव्या हाताच्या किंबलने मित्राची आठवण म्हणून प्रत्येक मॅचमधला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकला. गतविजेत्या मिशिगनला त्यांनी १४९-११५ असं हरवलं आणि शेवटच्या आठ संघांपर्यंत मजल मारली. हा भाग अमेरिकेत सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र ते बाहेर बसलेलं वर्ष राहून राहून आठवतं. तेवीस वर्षांच्या आयुष्यातलं एक वर्ष, कोच बदलला म्हणून.

आता नियमाच्या समर्थनाकडे बघू. अभ्यासासाठी वर्ष हवं, हे मान्य करू. मग हा नियम सगळ्या खेळांना सारखा हवा की नको? तसं नव्हतं. २०२१ आधीची अनेक वर्षं पहिल्या बदलीला सक्तीने बाहेर बसवलं जायचं ते फक्त पाच खेळांत: अमेरिकन फुटबॉल, पुरुषांचं बास्केटबॉल, महिलांचं बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी. जलतरणपटू, टेनिसपटू, धावपटू कॉलेज बदलून त्याच वर्षी खेळू शकत होते. पोहणाऱ्या मुलाला अभ्यासात रुळायला वेळ लागत नाही की काय? खरं म्हणजे ज्या खेळांत तिकिटं आणि टीव्हीचा पैसा मोठा, नेमकी तिथेच साखळी जाड.

वर परवानगीची भानगड होतीच. जुन्या कॉलेजने होकार दिल्याशिवाय दुसऱ्या कॉलेजला खेळाडूशी बोलता येत नसे. आपल्या भाषेत सांगायचं तर एनओसी. (आपल्याकडे रणजी खेळाडूला दुसऱ्या राज्याकडून खेळायचं तर आपल्या असोसिएशनची एनओसी लागतेच. अर्जुन तेंडुलकर २०२२ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडे गेला तो अशीच एनओसी घेऊन. २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालनेही गोव्यासाठी मागितली आणि नंतर अर्ज मागे घेतला.) अमेरिकेत ही एनओसी कोचच्या मर्जीवर असायची. २०११ मध्ये टॉड ओब्रायन या खेळाडूने सेंट जोसेफ्स विद्यापीठातून पदवीसुद्धा पूर्ण केली होती. पुढचं शिक्षण बर्मिंगहॅमच्या यूएबी विद्यापीठात घेत तिथे खेळायचं होतं. पदवी हातात असलेल्या मुलालाही जुन्या कॉलेजने सोडचिठ्ठी दिली नाही, आणि एनसीएएने कॉलेजची बाजू घेतली. इथे अभ्यासाचं कारण कुठे बसवायचं, तुम्हीच सांगा.

मला माझी पहिली नोकरी आठवली. दोन वर्षांचा बाँड, मध्ये सोडलं तर पैसे भरा. का, तर ट्रेनिंगवर खर्च केलाय. ठीक. पण प्रोजेक्ट बंद पडला तेव्हा कंपनीने आमच्यातल्या काहींना महिन्याच्या नोटिशीवर घरी पाठवलं, तेव्हा बाँडची आठवण कोणाला झाली नाही. करार दोघांचा, गाठ मात्र एकाच बाजूने बांधलेली.

अमेरिकेत ही गाठ अलीकडे भराभर सुटली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल नावाचा डेटाबेस सुरू झाला. आपल्या भाषेत, नोकरीच्या साइटवर रेझ्युमे टाकण्यासारखं. खेळाडूने कळवायचं, कॉलेजने नाव टाकायचं, कोचला अडवता येणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये सगळ्या खेळांत एकदा बेंचशिवाय कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येऊ लागले.

दुसऱ्यांदा बदली केली तर बेंच कायम होता. तो मोडला रेक्वॉन बॅटल आणि त्याच्यासारख्यांच्या निमित्ताने. बॅटल वॉशिंग्टन विद्यापीठातून मोंटाना स्टेटला गेला. २०२३ मध्ये तिथले कोच डॅनी स्प्रिंकल यूटा स्टेटला निघून गेले, मग बॅटल वेस्ट व्हर्जिनियाला. एनसीएएने सांगितलं, बस बाहेर. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायो आणि आणखी सहा राज्यांनी दावा ठोकला, न्यायाधीशांनी नियमाला तात्पुरती स्थगिती दिली, बॅटल त्याच महिन्यात खेळला. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच नियम बदलला: अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदला. आणि कोच स्प्रिंकल? २०२४ मध्ये यूटा स्टेट सोडून वॉशिंग्टन विद्यापीठाला गेले. दोन वर्षांत दोन उड्या, आणि एकाही मॅचला बाहेर बसावं लागलं नाही.

मग आता सगळं छान आहे का? तर नाही. २०२४ मध्ये केंटकीचे कोच जॉन कॅलिपारी आर्कान्सोला गेले, आणि नव्या कोचला स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू मिळाला नाही. अख्खा संघ नव्याने भरती. २०२५ चा चॅम्पियन फ्लोरिडाचा नायक वॉल्टर क्लेटन आधी आयोना या छोट्या कॉलेजात दोन वर्षं घडला होता. तिथले कोच रिक पिटिनो २०२३ मध्ये सेंट जॉन्सला गेले, क्लेटन फ्लोरिडाला. क्लेटनचं भलं झालं, पण आयोनासारख्यांनी पोरं घडवायची आणि मोठ्यांनी उचलायची, हे आता ठरून गेलंय. जून २०२५ च्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसेही देऊ लागली, तेव्हा ओढ आणखी वाढली. शिवाय पोर्टलमध्ये नाव टाकणाऱ्या प्रत्येकाला नवं घर मिळतंच असं नाही. जुनी जागा गेलेली, नवी मिळत नाही, आणि तीन कॉलेजं फिरताना काही क्रेडिट्स वाटेतच गळतात. पदवी लांबते. ज्यांचं नाव टीव्हीवर कधी येत नाही अशा पोरांना हा फटका जास्त बसतो.

तरीही मला विचाराल तर जुनी साखळी परत नको. हवा तो दोन्ही बाजूंना बांधणारा करार: कॉलेजनेही मधेच काढायचं नाही, खेळाडूनेही मधेच जायचं नाही, आणि ज्या कोचच्या शब्दावर पोरगं आलं तो गेला तर त्यालाही जायची मोकळीक. हे कॉलेजांना पूर्वीच करता आलं असतं. पण करार म्हटला की समोरच्याला कामगार मानावं लागतं, आणि बायर्स यांनी तो शब्द टाळायलाच तर 'विद्यार्थी-खेळाडू' आणला होता.

असो. पुढच्या एप्रिलमध्ये कोणी निष्ठेवर बोलायला लागला, तर त्याला फक्त एवढंच विचारा, तुमच्या कोचचं हे कितवं कॉलेज?