हलक्या चाकांचा मुलूख

सोलापूर जिल्ह्यांत भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्यें माढा तालुका वसलेला आहे. पाऊस बेताचा, जमीन कोठें काळी तर कोठें मुरमाड, आणि गांवें व वाड्यावस्त्या दूरदूर विखुरलेल्या. अशा मुलखांत वाहनाचा प्रश्न चैनीचा राहत नाहीं. दवाखाना, बाजार, शाळा व कचेरी हीं बहुतेकांच्या दाराशीं नसतात. तेथवर वेळेवर पोंचतां येतें कीं नाहीं, यावर कित्येक घरांचें भवितव्य अवलंबून असतें.

१८६० सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी सोलापुरास पोंचली. तिचा मार्ग याच तालुक्यांतून, कुर्डुवाडीवरून गेला, आणि मुंबई-पुणें एकाएकीं जवळ आलें. परंतु आगगाडी ठरलेल्या ठिकाणीं व ठरलेल्या वेळींच थांबावयाची. स्टेशनापासून गांवापर्यंतची वाट पूर्वींप्रमाणेंच बैलगाडीची अथवा पायांची राहिली. मुंबईचा प्रवास तासांवर आला, तरी शेवटच्या चार कोसांना अर्धा दिवस लागे!

ही उणीव कांहीं अंशीं भरून काढण्याचें काम एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें केलें. त्याच्या बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग १८९७ सालीं सुरू झाला. पुढें १९०६ सालीं ही गाडी पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास व १९२७ सालीं मिरजेस गेली. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. कॅल्थ्रॉपची युक्ति साधी होती: इंजिन असो वा डबा, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं. भार सारखा वांटला गेला म्हणजे हलके रूळ पुरतात, आणि मोठ्या लोहमार्गाचा खर्च ज्या मुलखास झेपत नाहीं, तेथेंहि गाडी धांवूं शकते.

त्याच सुमारास दुसरें एक हलकें वाहन जगांत रूढ होत होतें. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ले यानें इंग्लंडांत ‘रोव्हर’ सायकल तयार केली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं असून मागील चाक सांखळीनें फिरे. १८८८ सालीं डनलॉप यानें हवा भरलेली रबरी धांव पुढें आणली, आणि खडबडीत रस्ताहि सुसह्य झाला. सायकलच्या चाकाचें मर्मसुद्धां भार वांटून घेण्यांतच आहे. एकटी तार बोटानें वांकते; पण सर्व तारा ताणून बसविल्या म्हणजे त्या एका मनुष्याचा आणि त्याच्यामागें बांधलेल्या धान्याच्या पोत्याचा भार सहज पेलतात. पायीं चालणारा तासाभरांत पांच किलोमीटर जातो. सायकलस्वार बेताच्या श्रमानें पंधरा जातो. त्यास दाणा-वैरण लागत नाहीं, पेट्रोल लागत नाहीं, आणि कोणाच्या वेळापत्रकाची वाटहि पाहावी लागत नाहीं.

या साध्या यंत्राची धांव किती दूर जाऊं शकते, हें मुंबईच्या तरुणांनीं दाखवून दिलें. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें एकाहत्तर हजार किलोमीटर प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजीं मुंबईस परतले.

परंतु सायकलचें खरें कर्तृत्व अशा विक्रमांहून लहान गांवांतच अधिक दिसून आलें. शिक्षक, तलाठी, टपालवाला व दूधवाला यांचीं कामें तिच्यावर चाललीं. ज्यास ती विकत घेणें परवडत नसे, तो दुकानांतून तासावर भाड्यानें घेई. बाभळीचा कांटा हा तिचा या भागांतील जुना वैरी. पण घमेलेंभर पाणी, थोडें सोल्यूशन व रबराचा तुकडा एवढ्यावर पंक्चर निघतें. काळ्या मातीचा चिखल मात्र मडगार्डांत अडकून चाकच धरून ठेवतो. मग मालकासच सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मुलूख पाहण्यासहि याहून चांगलें साधन विरळा. मोटारींतील प्रवासी टेंभुर्णी आणि सोलापूर हीं दोन नांवें वाचतो. मधला प्रदेश त्याच्या खिडकीबाहेर राहून जातो. कुर्डुवाडीहून सायकलनें निघालेल्यास समोरचा वारा, नदीकडील उतार आणि परतीचा चढ पायांनीं मोजावा लागतो. माढ्यास माढेश्वरीचें देऊळ व गांवचा जुना किल्ला पाहावयास तो सहज थांबतो. पश्चिमेस भीमेवर १९८० सालीं पुरें झालेलें उजनी धरण गांठलें, म्हणजे कोरडवाहू ज्वारीच्या शेजारीं ऊंस कसा उभा राहिला, याचा उलगडा त्यास होतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं अडीच फुटी रूळ निघाले व त्यांच्या जागीं रुंद मार्ग आला. हमरस्तेहि रुंद झाले. यांत लाभ आहेच. पण रस्ता रुंद होतांना सायकलस्वार मात्र कडेच्या मातींत ढकलला गेला. दुसऱ्या बाजूस, महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांत मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. कारण शाळा पांच किलोमीटरांवर असली आणि वाहन नसलें, तर पुष्कळ मुलींचें शिक्षण तेथेंच थांबतें. त्या मुलीला शाळेपर्यंत सुखरूप जातां येईल एवढी जागा रस्त्याच्या कडेला राखली जाते कीं नाहीं, यावरून त्या रस्त्याची योग्यता ठरवावी.