बॅरी सँडर्स : विक्रम समोर असताना निवृत्ती

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत धावणाऱ्या खेळाडूस 'रनिंग बॅक' असे संबोधले जाते. त्याने कारकिर्दीत किती यार्ड मजल मारली, यावर त्याची योग्यता ठरते. बॅरी सँडर्स यांनी १५ हजार २६९ यार्डांची, म्हणजे सुमारे १४ किलोमीटरची मजल मारली. मात्र त्यांचे नाव आजही निघते ते त्यांनी न धावलेल्या अंतरामुळे.

१६ जुलै १९६८ रोजी कॅन्ससमधील विचिटा येथे जन्मलेल्या सँडर्स यांची उंची जेमतेम ५ फूट ८ इंच होती. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठाकडून खेळताना १९८८ मध्ये त्यांनी अवघ्या ११ सामन्यांत २ हजार ६२८ यार्ड धावून ३७ टचडाउन केले आणि हाइस्मन करंडक पटकावला. पुढील वर्षी डेट्रॉइट लायन्स संघाने त्यांची निवड केली. पदार्पणाच्या मोसमातील अखेरच्या सामन्यात आणखी अकरा यार्ड धावले असते तर ते लीगमध्ये अग्रस्थानी पोहोचले असते. परंतु सामना जिंकलेला असल्याने त्यांनी पुन्हा मैदानात उतरण्यास नकार दिला. टचडाउननंतर जल्लोष न करता चेंडू पंचांच्या हाती सोपविणे, ही त्यांची नेहमीची रीत होती.

१९९७ चा मोसम त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरला. पहिल्या दोन सामन्यांत मिळून केवळ ५३ यार्ड धावलेल्या सँडर्स यांनी नंतरच्या सलग १४ सामन्यांत शंभरी ओलांडली. एकूण २ हजार ५३ यार्ड धावून त्यांनी सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान ब्रेट फार्व्ह यांच्यासह विभागून मिळविला. संघाची स्थिती मात्र निराशाजनकच राहिली. त्यांच्या दहा वर्षांच्या काळात लायन्सला बाद फेरीत एकच विजय मिळाला, तो जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध.

जुलै १९९९ मध्ये, सराव शिबिराच्या तोंडावर, सँडर्स यांनी आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्सद्वारे निवेदन धाडून निवृत्ती जाहीर केली. वय ३१ वर्षे, दुखापत नाही. वॉल्टर पेटन यांचा १६ हजार ७२६ यार्डांचा विक्रम गाठण्यास त्यांना अवघे १ हजार ४५७ यार्ड हवे होते आणि आदल्याच मोसमात ते १ हजार ४९१ यार्ड धावले होते. चाहते संतापले, करारापोटी दिलेल्या रकमेच्या परताव्यासाठी संघाने लवादाकडे धाव घेतली आणि सँडर्स यांना त्यातील काही रक्कम परत करावी लागली. सततच्या पराभवांमुळे आणि संघात जिंकण्याची जिद्द उरली नसल्याने आपण खेळ सोडला, असे त्यांनी २००३ मधील आत्मचरित्रात नमूद केले. फॅक्सचा मार्ग पत्करणे चाहत्यांना कोरडेपणाचे वाटले, हे समजण्यासारखे आहे. तथापि पहिल्याच वर्षी ज्याने आकड्यांकडे पाठ फिरविली, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा तरी कशी करावी?

पेटन यांचा विक्रम अखेर ऑक्टोबर २००२ मध्ये एमिट स्मिथ यांनी मोडला. सँडर्स यांचा २००४ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला, तर २०२३ मध्ये डेट्रॉइटच्या फोर्ड फील्ड मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला.