फियाट आणि अँबॅसिडर : एक तौलनिक विचार

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गास कसाल येथे मालवणचा फाटा फुटतो. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागण्यापूर्वी मुंबईकर चाकरमान्यास गावी यावयाचे ते बहुधा याच रस्त्याने. आणि ज्या थोड्यांस स्वतःची मोटार बाळगण्याची ऐपत होती, त्यांच्यापुढे निवड असे ती मुख्यत्वे दोन गाड्यांतून.

पैकी फियाट ही मुंबईची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पुढे १९५१ पासून इटलीच्या फियाटशी संबंध जडला. हीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' नावाने ओळखली जाऊ लागली. अँबॅसिडर बंगालमधील उत्तरपाड्याची; इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डचा हा अवतार १९५७-५८ च्या सुमारास रस्त्यावर आला.

आता आकडे पाहू. फियाटचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचे व सुमारे ४० अश्वशक्तीचे. अँबॅसिडरचे १४८९ घन सेंटिमीटरांचे व सुमारे ५० अश्वशक्तीचे. परंतु पहिलीचे वजन नऊशे किलोच्या आतबाहेर, तर दुसरीचे अकराशेच्या घरात. म्हणजे रिकाम्या गाडीत दर टनामागे शक्ती जवळजवळ सारखीच, सुमारे ४५ अश्वशक्ती! मग अँबॅसिडरच्या बळाची ख्याती कशामुळे? गाडीत माणसे व बोजा मिळून चारशे किलो भरा, म्हणजे उत्तर सापडते: फियाटचे प्रमाण ३१ पर्यंत उतरते, अँबॅसिडरचे ३३ वर थांबते. शिवाय मोठ्या इंजिनास मंद गतीतही ओढ अधिक. फोंडाघाट चढताना हा भेद चालकाच्या हातास जाणवल्यावाचून राहत नसे. उलट सपाट रस्त्यावर, एकट्या-दुकट्या प्रवाशासाठी, हलकी व आटोपशीर फियाट हाताळण्यास अधिक सुखद. आणि मुंबईच्या गल्ल्यांत तर तिला तोड नव्हती. दोहोंतही गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबास असल्यामुळे पुढल्या सलग बैठकीवर तिघे बसत. चतुर्थीच्या सुमारास चौथाही बसे, ही गोष्ट निराळी!

माझ्या मते यंत्र म्हणून फियाटच अधिक सुबक होती. परंतु तांबड्या मातीच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यास अँबॅसिडर अधिक मानवली. खरा दोष दोहोंच्या घडणीत नव्हता, गतिरोधात होता. परदेशी गाड्यांची आयात रोखलेली, उत्पादनावर परवान्याचे बंधन, आणि ग्राहक वर्षानुवर्षे ताटकळत उभा. अशा स्थितीत सुधारणेची निकड कोणास भासावी? इंग्लंडात मूळ ऑक्सफर्डचा तो नमुना १९५९ मध्ये, तर इटलीत ११०० ही गाडी १९६९ मध्ये बंद झाली. येथे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० अवतरली, तेव्हाही या दोघी जवळपास त्याच रूपात विकल्या जात होत्या.

पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाबरोबर सरले. अँबॅसिडर २०१४ पर्यंत तगली. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली.