तोहुंगा आणि चार भिंतींचे घर: माओरी मनःस्वास्थ्याचा इतिहास

न्यूझीलंडच्या संसदेने १९०७ मध्ये 'तोहुंगा प्रतिबंधक कायदा' संमत केला. तेथील मूळनिवासी माओरी लोकांच्या पारंपरिक उपचारकांना, म्हणजे तोहुंगांना, अलौकिक शक्तीचा दावा करून उपचार करण्यास किंवा भविष्य सांगण्यास त्याने मनाई केली, आणि पहिल्या गुन्ह्यासाठी २५ पौंडांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास ठरवला. त्याच संसदेने १९९२ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा केला, तेव्हा मात्र रुग्णाची भाषा, श्रद्धा आणि कुटुंब व जमातीशी असलेले त्याचे नाते यांचा मान राखूनच अधिकार वापरावेत, असे बंधन स्वतःच्या यंत्रणेवर घातले. या दोन कायद्यांमधील पंच्याऐंशी वर्षांत केवळ उपचारपद्धती बदलल्या नाहीत. आजार कोणता आणि बरे होणे म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्या काळाच्या मुळाशी होता.

'तोहुंगा' या शब्दाला भगत किंवा देवऋषी हे मराठी प्रतिशब्द अपुरे पडतात, कारण लाकडावर कोरीव काम करणारा, शरीरावर गोंदणारा आणि वंशावळी मुखोद्गत असणारा असा कोणत्याही विद्येतला निष्णात माणूस माओरी भाषेत तोहुंगाच असतो. उपचार करणारे तोहुंगा हा त्यांतला एक वर्ग होता. पवित्र किंवा निषिद्ध ठरलेल्या गोष्टींच्या मर्यादेला 'तापू' म्हणतात. ती ओलांडल्याने जडणाऱ्या व्याधीला 'माते माओरी', म्हणजे माओरी आजार, असे नाव होते. अशा वेळी तोहुंगा रोग्याच्या अंगावरील लक्षणांइतकीच त्याच्या वागण्याची आणि नातेसंबंधांची विचारपूस करी, कोणते बंधन मोडले गेले याचा शोध घेई, आणि मंत्रोच्चार व पाणी यांच्या साहाय्याने शुद्धी घडवी. मनाचा आजार हा एकट्या माणसाचा नसून त्याच्या पूर्वजांशी, जमिनीशी आणि आप्तांशी बिघडलेल्या संबंधांचा आहे, अशी त्यामागची धारणा होती.

१९०७ च्या कायद्याकडे निव्वळ वसाहतवादी दडपशाही म्हणून पाहिले, तर इतिहासाची एक बाजू सुटते. १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी वाइतांगीचा करार झाला, त्यानंतर युद्धे, जमिनीची जप्ती आणि साथीचे रोग यांनी माओरी समाज खंगत गेला आणि १८९६ च्या सुमारास त्याची लोकसंख्या अवघी ४२,००० च्या आसपास उरली. कायदा मांडणारे मंत्री जेम्स कॅरोल स्वतः माओरी वंशाचे होते, आणि अमेरिकेत वैद्यक शिकून आलेले माओरी डॉक्टर माउई पोमारे यांनीही त्याला पाठिंबा दिला, कारण तापाने फणफणलेल्या रोग्याला थंड पाण्यात बुडवण्यासारखे उपचार त्यांना जीवघेणे वाटत होते. सरकारला मात्र राजकीय धास्तीही होती. उरेवेराच्या डोंगराळ मुलखातील मौंगापोहातू येथे स्वतःची वसाहत उभारणारे तुहोए जमातीचे धर्मप्रवर्तक रुआ केनाना यांचा वाढता प्रभाव त्याला खुपत होता. १९१६ मध्ये सशस्त्र पोलिसांनी त्या वसाहतीवर धाड घातली, तीत रुआंचा एक मुलगा मारला गेला. रुआंवर खटला चालला तो मात्र वेगळ्याच आरोपांखाली, आणि २०१९ मध्ये संसदेने कायदा करून त्यांना माफी दिली. तोहुंगा कायद्याखाली शिक्षा फारच थोड्यांना झाल्या, पण त्याचा खरा परिणाम न्यायालयाबाहेर झाला, कारण उघडपणे चालणारी विद्या आडोशाला गेली आणि तिचा उच्चार करणेही धोक्याचे ठरले. तो कायदा १९६२ मध्ये रद्द झाला.

तोपर्यंत माओरी जीवनाचे स्वरूपच बदलले होते. १९४५ मध्ये सुमारे चतुर्थांश माओरी लोक शहरांत राहत होते. १९८० च्या दशकात हे प्रमाण चार-पंचमांशाच्या जवळ पोहोचले. जमातीच्या सभास्थानाचा, म्हणजे 'माराए'चा, आधार सुटलेली माणसे मानसिक रुग्णालयांत वाढत्या संख्येने दिसू लागली आणि तेथे त्यांची गाठ पडली ती वेगळ्याच तपासणीशी. 'फाकामा' ही माओरी संकल्पना लाज, अपराधभाव आणि संकोच यांना एकत्र कवेत घेते, आणि तिच्या प्रभावाखालील माणूस मान खाली घालून गप्प बसतो. ही अवस्था ठाऊक नसलेल्या डॉक्टरला ते मौन सहज रोगलक्षण वाटू शकते, आणि मग नोंद चुकते, पाठोपाठ उपचारही चुकतो.

या कोंडीवरचा उपाय नव्या सिद्धांतातून आला नाही, तो घराच्या परिचित रूपातून आला. माओरी स्त्री कल्याण संघाच्या आरोग्य-संशोधनासाठी १९८२ मध्ये झालेल्या प्रशिक्षणात मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी 'ते फारे तापा फा' ही मांडणी पुढे ठेवली. 'फारे' म्हणजे घर. त्याच्या चार भिंती म्हणजे आत्मिक बाजू (वायरुआ), मन व भावना (हिनेन्गारो), शरीर (तिनाना) आणि कुटुंब (फानाउ), आणि यांतील एक भिंत खचली की छप्पर डगमगते. माओरी श्रोत्यांना ही उपमा समजावून सांगावी लागत नव्हती, कारण त्यांचे कोरीव सभागृह हे मुळातच पूर्वजाचे शरीर मानले जाते: आढे हा कणा, उतरते वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या तिरप्या फळ्या म्हणजे पसरलेले बाहू. माणूस सभागृहात शिरतो तो पूर्वजाच्या कुशीतच शिरतो.

उत्तर बेटावरील टोकानुई मानसिक रुग्णालयात १९८४ मध्ये 'फाय ओरा' हा माओरी पद्धतीने चालणारा विभाग सुरू झाला, आणि पुढे अशी केंद्रे इतरत्रही उभी राहिली. अशा ठिकाणी रुग्णाची ओळख रोगाच्या नावाने सुरू होत नाही. तो आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, मग जमात, आणि शेवटी स्वतःचे नाव. माओरी भाषेत 'वाय' या एकाच शब्दाचा अर्थ 'पाणी' असाही होतो आणि 'कोण' असाही, म्हणून 'तू कोण?' या साध्या प्रश्नात 'तू कोणत्या पाण्याचा?' हा प्रश्नही ऐकू येतो. शहरात वाढलेल्या ज्या रुग्णाला आपल्या डोंगराचे नावच ठाऊक नसते, त्याला ते शोधून देणे हाही उपचाराचा भाग ठरतो.

चार भिंतींची मांडणी आज न्यूझीलंडच्या शाळांत आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमांत सर्रास शिकवली जाते. अधिकाराची गोष्ट मात्र इतकी सरळ झाली नाही. माओरी आरोग्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण, 'ते आका फाय ओरा', जुलै २०२२ मध्ये स्थापन झाले आणि सरकार बदलल्यावर जून २०२४ अखेर बरखास्त झाले. राज्यसंस्थेने १९०७ मध्ये तोहुंगांची विद्या नाकारली आणि पुढे त्या विद्येमागची दृष्टी पाठ्यपुस्तकात घेतली, पण घराचा आराखडा मान्य करणे आणि त्याच्या किल्ल्या घरमालकाच्या हाती ठेवणे यांतले अंतर तिला अजून ओलांडायचे आहे.