खासदारांना विचारलेला तिसरा प्रश्न

लोकप्रतिनिधीच्या मनात काय आहे, हे जोखायला बराच काळ एकच पुरावा हाताशी होता: सभागृहातल्या मतदानाची नोंद. अमेरिकेत स्टुअर्ट राइस यांनी १९२०च्या दशकात या नोंदींवरून एखादा पक्ष किती एकजुटीने मत देतो, ते आकड्यांत मोजून दाखवलं. पण 'हो' म्हणणाऱ्याला ते मनापासून पटलं होतं, पक्षाने डोळे वटारले होते की मतदारांचा धाक होता, हे नोंदीतून कळायचं नाही.

ब्रिटनमध्ये पक्षशिस्त एवढी कडक, की मतदानावरून खासदाराचं मन ओळखणं अवघडच. तिथे फायनर, बेरिंग्टन आणि बार्थोलोम्यू यांनी आडवाट धरली. 'अर्ली डे मोशन' नावाच्या ठरावांवर सभागृहात चर्चा क्वचितच होते. पण पाठिंबा म्हणून खासदार त्यांवर सह्या करतात, आणि सहीला व्हिप नसतो. १९५५ ते १९५९ या काळातल्या अशा सह्यांवरून मागच्या बाकांवरच्यांचा कल दाखवणारं त्यांचं पुस्तक १९६१ मध्ये आलं.

थेट विचारण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं ते अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठाच्या वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांनी. १९५८च्या मध्यावधी निवडणुकीनंतर ११६ मतदारसंघांतले मतदार आणि तिथले काँग्रेस सदस्य, दोघांच्याही मुलाखती झाल्या. विषय तीन: समाजकल्याण, कृष्णवर्णीयांचे नागरी हक्क आणि परराष्ट्र धोरण. गरीब देशांना मदत द्यावी का, परदेशात फौजा ठेवाव्यात का, असे मुद्दे तिसऱ्यात होते. मतदारांना त्यांचं मत विचारलं, सदस्यांना त्यांचं. सदस्यांसाठी आणखी एक, तिसरा प्रश्न होता, तोच या पद्धतीचा खरा शोध: तुमच्या मतदारसंघाला काय वाटतं, असं तुम्हाला वाटतं?

निष्कर्ष १९६३ मध्ये छापून आले. नागरी हक्कांबाबत सदस्यांना आपल्या लोकांचं मन बऱ्यापैकी ठाऊक होतं आणि मतही ते त्याच बेताने देत. परराष्ट्र धोरणात मात्र मतदाराचं मत आणि सदस्याचं मतदान यांचा मेळ जवळपास नव्हताच. तिथे सदस्य सरकारकडे बघून चालत.

आर्कान्सातल्या ब्रूक्स हेज यांचं उदाहरण या अभ्यासातच आहे. हेज प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीवर होते, पण १९५८ मध्ये त्यांची जागा गेली ती लिटल रॉकच्या शाळेतल्या वर्णभेदाच्या वादात. मतपत्रिकेवर नाव नसलेल्या डेल अल्फर्ड यांना लोकांनी निवडून दिलं. इतरत्र बहुतेक मतदारांना उमेदवारांविषयी फारसं ठाऊक नव्हतं. इथे मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला दोघंही माहीत होते. जगाच्या प्रश्नावर असं रान पेटत नाही, म्हणून तिथे प्रतिनिधी मोकळा.

पुढे शिकागो कौन्सिल ऑन फॉरेन रिलेशन्सने १९७४ पासून जनता आणि नेते यांना परराष्ट्र धोरणावर प्रश्न विचारायला सुरुवात केली. नेत्यांत काँग्रेसचे सदस्यही असत. तिसऱ्या प्रश्नाचं खरं मोल मात्र स्टीव्हन कल आणि आय. एम. डेस्लर यांच्या १९९९च्या पुस्तकात दिसलं. जनतेला जगाचा उबग आलाय, परदेशी मदत तिला नकोच आहे, अशी वॉशिंग्टनमधल्या धोरणकर्त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात १९९५च्या एका पाहणीत लोकांचा साधारण अंदाज असा होता, की अर्थसंकल्पाचा १५ टक्के पैसा मदतीवर जातो. किती जावा, तर ५ टक्के. खरा खर्च होता एक टक्क्याच्या आसपास! कपात मागणारे लोक नकळत पाचपट मदत मंजूर करत होते.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मंजुरी सक्तीची नाही, आणि १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप मोडणं म्हणजे खासदारकीवर पाणी सोडण्याची तयारी. अशी पाहणी इथे झाली, तर 'तुमचं मत काय?' याला पक्षाचं प्रसिद्धिपत्रकच ऐकायला मिळेल. पण 'तुमच्या मतदारांना काय वाटतं?' याचं छापील उत्तर कुठल्याच पक्ष कार्यालयात तयार नसतं. सुरुवात तिथूनच करावी.