काय हशील?

‘आता रडून काय हशील?’ असं आपण सर्रास म्हणतो. म्हणताना सरकारी तिजोरी कुणाच्या डोक्यात नसते. पण हा शब्द मूळचा तिथलाच. अरबी ‘हासिल’ म्हणजे हाती आलेलं, पदरात पडलेलं. जुन्या मराठी कागदांत हाशील म्हणजे सरकारात भरायचा सारा किंवा पट्टी. महसूल त्याचा सख्खा भाऊ, धातू एकच. ‘वसूल’ मात्र कानाला जवळचा वाटला तरी दुसऱ्या घरचा; त्याचं मूळ ‘पोहोचणे’. खजिन्यात पोहोचलं ते वसूल.

जकातीचा प्रवास याहून अजब. अरबीतली जकात म्हणजे मुसलमानांचं धर्मदेय, आणि तिच्या धातूत शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. दिलं की धन शुद्ध होतं, वाढतं, ही भावना. इथल्या राज्यकारभारात ती आली ती मालावरची वाटपट्टी होऊन. पुण्याची भावना बैलाच्या गोणीबरोबर नाक्यावरच उतरली असावी.

या जकातीने काय वाढवलं ते पाहायचं तर भिवंडीला जावं. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर जकात भरावी लागे. मग व्यापाऱ्याने सगळा माल आधीच शहरात आणून पैसे का अडकवावेत? त्याने तो हद्दीबाहेर ठेवला, आणि गिऱ्हाईक येईल तसा टेम्पो टेम्पोने आत पाठवला. काल्हेर, पूर्णा, माणकोली ही गावं ग्रामपंचायतींची. तिथे जकात नाही, जागा स्वस्त, शेजारून नाशिकचा महामार्ग. भाताच्या खाचरांत पत्र्याची गोदामं उभी राहिली आणि भिवंडीला यंत्रमागांशिवाय आणखी एक ओळख मिळाली. कुठल्याही विकास आराखड्याने नव्हे, हद्दीच्या एका रेषेने हे केलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. ऑनलाइन विक्रीवाल्या कंपन्यांनी उलट आणखी मोठी बांधून घेतली. माझ्या मते कराने माल तिथे आणला खरा, पण टिकवला तो रस्त्याने.

(मधल्या काळात इतर शहरांत जकातीऐवजी ‘स्थानिक संस्था कर’ आला होता. हे नाव कागदावरच राहिलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले तेही ‘एलबीटी’ या त्याच्या इंग्रजी लघुनामाविरुद्धच.)

कर घेण्याचे शब्द असे, तसे सोडण्याचेही आहेत. नवी पेठ वसवायची तर जुने राज्यकर्ते ‘कौल’ देत. येऊन दुकान घाला, अमुक वर्षं जकात माफ, असा सरकारचा शब्द. मतदारांचा कौल तो हाच. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला ‘इस्तावा’ मिळे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, शेवटी पूर्ण दर. इस्तावा हा शब्द आता विस्मरणात गेला आहे, आणि मला वाटतं त्यातली अक्कलही. 1964 पासून महाराष्ट्र सरकार मागास भागात कारखाने जावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवतं. विक्रीकर माफ करा, नाहीतर भरायला मुदत द्या, हा तिचा बराच काळ मुख्य आधार होता. एका योजनेची मुदत संपली की दुसरी येते. इस्ताव्याच्या कागदात मात्र सवलत कोणत्या वर्षी संपणार हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असे.

इंग्रजांनी जकातीला ‘ऑक्ट्रॉय’ म्हटलं. ते फ्रेंच ‘बहाल करणे’ या क्रियापदावरून आलं. राजाने शहराला बहाल केलेला वसुलीचा हक्क तो. जकात गेली तेव्हा मुंबई महापालिकेचा वर्षाला सुमारे 7,000 कोटी रुपयांचा हा हक्कही गेला. बदल्यात राज्याकडून भरपाई मिळते, दरसाल 8 टक्के वाढीच्या हिशेबाने. स्वतःच्या हाताने वसूल करायचं मोठं उत्पन्न उरलं त्यात मालमत्ता कर, म्हणजे आपली घरपट्टी. आणि 2022 च्या जानेवारीपासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तीही माफ आहे.